चुंबक बदलावे

"मोठी माणसं सुट्टीत मुलांना संग्रहालयात का आणून बसवतात, माहितीये?" भोंगा म्हणाला. "कारण इथे बोलायला बंदी असते."

"मग तुला अजून बाहेर कसं काढलं नाही?" टाचणीने विचारलं.

भोंग्याचं कुजबुजणंसुद्धा तिकीट-खिडकीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा. टाचणी बारा वर्षांची, अंगाने काडी आणि बोलण्याने टोचरी. भोंगा तिचा मावसभाऊ. त्याचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ सगळीकडे मागेमागे यायचा. त्याचं नाव शेपूट ठेवायला कोणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. तिघं नाण्यांच्या दालनात बाकावर बसली होती, कारण घरी त्यांना सांभाळायला कोणी नव्हतं आणि टाचणीची आई इथे कामाला होती. झाडलोट, काचा पुसणं, आणि दर मंगळवारी कपाटं उघडून आतली धूळ काढणं. कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असायचा.

आज तपासणी होती. सहा वर्षांनी होत होती. परीक्षक बाई आल्या तेव्हा साहेबांनी दालनातल्या पाहुण्यांनाही जवळ बोलावलं. संग्रहालयाचे प्रमुख ते. ऐकायला माणसं असली की त्यांना स्फुरण चढायचं.

"युद्धाच्या वर्षी तांबं काडतुसांना लागत होतं," ते म्हणाले. "म्हणून त्या एका वर्षी नाणी लोखंडाची पाडली. पण टाकसाळीच्या यंत्रात आदल्या वर्षीच्या तांब्याच्या चकत्या अडकून राहिल्या होत्या. त्यांच्यावरही नव्या वर्षाचा छाप बसला. अशी तांब्याची नाणी जगात मोजून नऊ. त्यातलं एक, हे."

मखमलीवर नाणं लखलखत होतं. परीक्षक बाईंनी पिशवीतून दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक काढलं आणि नाण्यावर धरलं.

टक्. नाणं उडून चुंबकाला चिकटलं.

सगळे पुढे वाकून बघू लागले. भोंगासुद्धा.

"हे लोखंड आहे," बाई म्हणाल्या. "साध्या नाण्यावर तांब्याचा मुलामा. खरं तांबं चुंबकाला ढुंकून बघत नाही."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तो वळला. पुरावा हातात नसला की मोठी माणसं आजूबाजूला सगळ्यात कमी पगाराचं कोण आहे ते बघतात. त्यांना फार शोधावं लागत नाही. ते माणूस बहुधा हातात फडकं घेऊन उभं असतं.

"या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" साहेबांनी आईला विचारलं. पार दालनाच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"माझ्याकडे, साहेब. पण मी फक्त—"

"आणि दर मंगळवारी कपाट कोण उघडतं?"

"मीच."

"संपलं तर मग."

किल्ल्यांचा दुसरा जुडगा साहेबांच्याच टेबलाच्या खणात असतो, हे त्यांनी सांगितलं नाही. आईने कमरेचा जुडगा सोडून दिला. पाहुणे बाजूला सरकले, तिला वाट द्यायला, आणि तिचा धक्का लागू नये म्हणूनही. चाळीस माणसं असतील. टाचणी ओरडणार होती. तिचं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही.

"सोमवारी चौकशी," मागून साहेब म्हणाले. "तोवर पाऊल टाकायचं नाही इथे."

तो दिवस शुक्रवार होता.

*

घरी आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. चप्पलही काढली नव्हती.

"मावशी, तू त्यांना सांग ना," भोंगा म्हणाला.

"काय सांगू? किल्ली माझ्याकडे होती, हे खोटं आहे का?" आई म्हणाली. थोड्या वेळाने ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पुसताना माझ्याच हातून काही झालं असेल का गं? एखादं नाणं घासलं, बदललं, काहीतरी?"

टाचणीला साहेबांच्या ओरडण्यापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली. आई स्वतःवरच संशय घ्यायला लागली होती. सोमवारी तिला कोणी दरडावून विचारलं असतं तर ती हो म्हणून मोकळी झाली असती.

शनिवारी सकाळी तिघं संग्रहालयाच्या फाटकाशी गेली. रखवालदार काकांनी हात आडवा केला.

"काका, परीक्षक बाईंना दोन मिनिटं भेटायचंय."

"अर्ज लागतो."

"कोणाकडे द्यायचा?"

"साहेबांकडे."

"साहेबांविरुद्धच बोलायचं असेल तर?"

"तरी साहेबांकडेच," काका म्हणाले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला नोकरी होती.

तिघं फुटपाथच्या कडेला बसली. काय करायचं ते एकालाही सुचत नव्हतं. बारा, तेरा आणि आठ वर्षांच्या माणसांना या जगात कुठेही आत सोडत नाहीत, आणि सोडलंच तर गप्प बसवतात.

"तसलं नाणं मी हातात घेतलंय," शेपूट अचानक म्हणाला.

"तू गप रे," भोंगा म्हणाला.

"घेतलंय. शाळेत. पेटी आली होती."

पेटी टाचणीलाही माहीत होती. संग्रहालयात सगळीकडे 'हात लावू नका' लिहिलेलं असे. ही एकच लाकडी पेटी अशी होती की जिच्यावर 'हात लावा' लिहिलं होतं. ती शाळाशाळांतून फिरायची. आत तीन नाणी, एक चुंबक, एक भिंग, एक सूचनांचा कागद आणि एक वही. पहिलं नाणं युद्धाच्या वर्षीचं साधं, राखाडी, लोखंडी. दुसरं तसलंच, पण तांब्याचा मुलामा दिलेलं. तिसरं खरोखर तांब्याचं, पण दुसऱ्याच वर्षीचं. त्याचा शेवटचा आकडा कोरून युद्धाचं वर्ष केलेलं. खोटं नाणं किती तऱ्हांनी करतात ते मुलांना कळावं म्हणून. टाचणीच्या वर्गात ती पेटी चार वर्षांपूर्वी आली होती.

"चुंबकाला दोन चिकटतात, एक नाही," टाचणी म्हणाली. "कागदावरच लिहिलंय तसं."

"आमच्याकडे एकच चिकटलं," शेपूट म्हणाला. "राखाडी टुणकन उडालं. तांबडी दोन्ही बसूनच राहिली. बाई म्हणाल्या, चुंबक म्हातारं झालंय. मी म्हटलं, बाई, म्हातारं असतं तर राखाडीपण उडालं नसतं. तर मला वर्गाबाहेर उभं केलं."

टाचणी फुटपाथवरून उठून उभी राहिली.

"परत सांग. तांबडी दोन्ही नाही चिकटली?"

"किती वेळा सांगू? म्हणून तर उभं केलं ना मला."

पेटीत खऱ्या तांब्याचं नाणं एकच असायला हवं होतं, आकडा कोरलेलं. मुलामा दिलेलं तर चिकटायलाच हवं. नाही चिकटलं, म्हणजे त्याच्या खणात भलतंच काहीतरी बसलं होतं. आणि मुलामा दिलेलं काल काचेच्या कपाटातून उडालं होतं, चाळीस माणसांदेखत.

"अदलाबदल झालीये," टाचणी म्हणाली. "जगातल्या नऊ नाण्यांपैकी एक पोरांच्या हातात फिरतंय. काका! ती पेटी कुठंय?"

रखवालदार काकांनी डोकं खाजवलं. "लाकडाची, होय? गेली. तपासणीआधी आवार साफ दिसायला हवं म्हणून साहेबांनी मागची सगळी अडगळ भंगारात काढली. गुरुवारी टेम्पो भरून गेला."

*

भंगाराचं आवार रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. तिथल्या मालकीणबाई सत्तरीच्या. फाटक्या छत्रीखाली स्टुलावर बसून त्या काठीला बांधलेल्या चुंबकाने ढिगातला माल चाचपत होत्या. जे चिकटेल ते डावीकडे, जे चिकटणार नाही ते मागे.

"आजी, गुरुवारी एक लाकडी पेटी आली का? वर 'हात लावा' लिहिलेलं?"

"मला अक्षर येत नाही," आजी म्हणाल्या. "पेटी आली. लाकूड सुताराने नेलं. वही रद्दीत. नाणी तीन होती. एक लोखंड, दोन तांबं."

"दोन तांबं? नक्की?"

आजींनी काठी वर केली. "पोरी, पन्नास वर्षं मी या काठीवर भाकरी खाल्ली. मुलामा देऊन मला नळ विकायला आलेले लोक रिकाम्या हाताने परत गेलेत. दोन तांबं म्हणजे दोन तांबं."

शहरातल्या शाळांना जे कळलं नव्हतं, ते या बाईंना काठीच्या एका फटक्यात कळलं होतं. पण त्यांना विचारतो कोण?

"ती नाणी कुठे आहेत?"

"तांब्याच्या पोत्यात. पाच पोती आहेत. कोणत्या ते मी सांगू शकत नाही. चार वाजता गाडी येईल आणि भट्टीवर नेईल."

भट्टी म्हटल्यावर शेपटाच्या तोंडचं पाणी पळालं. टाचणीने आईचं सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये कुठेही न थांबता. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उलटी करा पोती. पण परत तुम्हीच भरायची."

तांब्यात तांबं शोधायला चुंबकाचा काही उपयोग नसतो. हातानेच शोधावं लागतं. पोत्यात तारांची भेंडोळी, चेपलेल्या नळ्या, पंपांच्या मोटारींची पोटं. तारा बोटांत घुसायच्या. पहिलं पोतं संपलं. दुसरं संपलं. तीन वाजले. भोंग्याच्या तळव्यातून रक्त येत होतं आणि तो ते चड्डीला पुसत होता.

तिसऱ्या पोत्याच्या तळाशी एक नाणं सापडलं. टाचणीने ते उन्हात धरलं. वर्ष युद्धाचं होतं. पण ते खरं की कोरलेलं, हे कसं कळणार? भिंगही नव्हतं.

"हेच असेल," भोंगा म्हणाला. "चला."

"आणि नसलं तर? चौथं ओत."

चौथ्यात काही नव्हतं. आणि पाचवं? पाचवं पोतं तिथे नव्हतंच. गाडी अर्धा तास लवकर आली होती आणि चालकाने ते हाताला लागलं म्हणून आधीच वर चढवलं होतं. इंजिन सुरू होतं.

"ते खाली घ्या हो," टाचणी म्हणाली.

"वजन झालंय," चालक म्हणाला. "बाजूला हो."

तिने गाडीच्या मागच्या फळीला धरलं. चालकाने तिचं एकेक बोट सोडवलं, दाराच्या कडीला अडकलेली चिंधी सोडवावी तसं. रागावला नाही, ओरडला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. ते सगळ्यात वाईट होतं.

तेव्हा आजी छत्रीखालून उठल्या आणि गाडीसमोर जाऊन स्टूल टाकून बसल्या.

"आजी, काय हे," चालक म्हणाला.

"गुडघे दुखतात. इथे जरा बरं वाटतंय."

"मला उशीर होतोय."

"मग पोतं उतरव. तेवढ्यात माझे गुडघे बरे होतील."

पोतं उतरलं. दुसरं नाणं एका वाकड्या नळीच्या आत जाऊन बसलं होतं. शेपटाचंच बोट तिथे शिरण्याइतकं बारीक होतं. मग तिघांनी पाचही पोती परत भरली, कबूल केलं होतं म्हणून. वही रद्दीत मिळाली. टाचणीने पहिली दोन पानं वाचली आणि ती शर्टाच्या आत खोचली.

*

घरी आईपुढे दोन्ही नाणी ठेवल्यावर वाटलं होतं, ती रडेल, जवळ घेईल. आई झटकन मागे सरकली.

"हे घरात आणलंत?"

"आई, यातलं एक खरं आहे!"

"अगं, म्हणूनच. काल चोरी झाली म्हणाले. आज तोच माल माझ्या घरात." तिने टेबलाची कड घट्ट धरली. "आता कोण म्हणेल मी घेतलं नाही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रक्ताळलेल्या बोटांनी त्यांनी आईला सोडवायचा पुरावा आणला नव्हता, अडकवायचा आणला होता. टाचणीला हे सुचलंच नव्हतं. टाकून द्यायची? मग खरं नाणं गेलं. परत द्यायची? मग आई चोर. रविवारभर ती दोन नाणी टेबलावर पडून राहिली आणि त्या टेबलावर कोणी जेवलं नाही. भोंगा आणि शेपूट त्यांच्या घरी न जाता तिथेच जमिनीवर झोपले.

टाचणी वही वाचत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून.

सोमवारी तिघं आईबरोबर फाटकाशी गेली. चौकशी फक्त मोठ्यांसाठी आहे असं रखवालदार काकांनी सांगितलं. टाचणी म्हणाली, "मग मी अर्ज लिहून आणते, तुम्ही तो साहेबांना द्या," आणि तोवर तिघं जिना चढून गेली होती. काकांनी मान दुसरीकडे वळवली.

खोलीत लांब टेबल होतं. मध्ये संग्रहालयाचे अध्यक्ष, बाजूला साहेब आणि परीक्षक बाई. आईने नाणी बांधलेला रुमाल उलगडला.

"बघा," साहेब म्हणाले. "घाबरून परत आणलं."

पण परीक्षक बाई भिंग लावून बसल्या होत्या.

"हे कोरलेलं," त्यांनी एक नाणं बाजूला सारलं. "शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला आहे. आणि तो आकडा इतर आकड्यांपेक्षा आखूड." मग दुसरं. त्यांनी ते छोट्या काट्यावर ठेवलं, उचललं, कडेने फिरवलं, परत भिंग लावलं. "अक्षरांच्या कडा धारदार आहेत. मुलाम्याखाली त्या अशा राहत नाहीत, बुजतात. वजन तांब्याचं. रंग उतरलाय, शेकडो हात लागलेत. पण हे खरं आहे."

"म्हणजे हिनेच—" साहेब म्हणाले.

"हे तुमच्या पेटीत होतं," टाचणी म्हणाली.

"मुलांनी मध्ये बोलू नये."

"मी बोलत नाही. वही बोलतेय." तिने ती अध्यक्षांपुढे ठेवली. "पेटी परत पाठवताना शाळेने यात शेरा लिहायचा असतो. हा बघा. 'चुंबक निकामी, एकच नाणे चिकटते. चुंबक बदलावे.' पुढची शाळा. 'चुंबक बदलावे.' त्याच्या पुढची. 'चुंबक बदलावे.' अकरा शाळा. प्रत्येक शेऱ्याखाली साहेबांची सही आहे, 'पाहिले'. चुंबक तीनदा बदललं. नाणं कोणीच बघितलं नाही."

अध्यक्षांनी पानं उलटली. "पहिला शेरा कधीचा?"

"दोन वर्षं दोन महिने झाले. आई कामाला लागली त्याला चौदा महिने झालेत."

आईने मान वर केली. शुक्रवारपासून पहिल्यांदा.

"मग हिच्या आधीचा माणूस असेल," साहेब घाईघाईने म्हणाले.

"चोर नाणं घरी नेतो," परीक्षक बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "मुलांच्या पेटीत नेऊन ठेवत नाही."

"त्या शेऱ्याच्या वरची नोंद वाचा," टाचणी म्हणाली.

अध्यक्षांनी मोठ्याने वाचली. "'विशेष पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी कपाट व पेटी एकत्र उघडली. नाणी मी स्वतः जागेवर ठेवली.'" त्यांनी खालची सही बघितली. मग साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी वही ओढून घेतली आणि स्वतःची सही बघितली. "दोन्ही एका तबकात होती," ते शेवटी म्हणाले. "एक मळकट होतं. एक चमकत होतं. मला वाटलं, काचेत ठेवायचं ते चमकणारंच असणार."

*

मग कौतुक झालं. मोठ्यांना कौतुक करायला फार आवडतं. माफी मागण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. परीक्षक बाईंनी तिघांशी हात मिळवला, भोंग्याच्या तळव्यावरची पट्टी सांभाळून, आणि शेपटाची हकिगत ऐकून त्याला म्हणाल्या, "तू वर्गाबाहेर उभा राहिलास त्या दिवशी शाळेत एकच परीक्षक होता." ते त्यांनी मनापासून म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, असली चौकस मुलं म्हणजे शहराचं भूषण. आईला किल्ल्या परत मिळाल्या आणि एक कागद मिळाला, त्यावर 'गैरसमज दूर झाला' असं लिहिलेलं होतं. कोणाचा गैरसमज, ते नव्हतं.

"झालं गेलं विसरून जा," साहेब आईला हळूच म्हणाले. इतकं हळू की भोंग्यालाही नीट ऐकू आलं नाही.

जिना उतरताना टाचणीच्या लक्षात आलं. शुक्रवारी आईला चोर म्हणताना दालनात चाळीस माणसं होती. आज ती चोर नाही म्हणताना बंद खोलीत तीन. त्या चाळिसांना कोण सांगणार? ती चाळीस माणसं घरोघर सांगून मोकळीही झाली असतील. त्यांचे पत्ते कुठल्या वहीत नव्हते.

"उद्या या हं," वरून अध्यक्ष म्हणाले. "पाहुण्यांना नाण्याची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायला आवडेल. संग्रहालयाचं नाव होईल."

"येऊ," टाचणी म्हणाली. "रोज येऊ. सुट्टी संपेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कपाटापुढे गर्दी होती. मळकट तपकिरी नाणं मखमलीवर बसलं होतं. टाचणी बाजूला उभी राहिली. अध्यक्षांना टाकसाळीची आणि काडतुसांची गोष्ट हवी होती. तिने तीही सांगितली, दोन वाक्यांत. मग म्हणाली, "शुक्रवारी या दालनात एका बाईंवर चोरीचा आळ घेतला. त्या तिथे, पलीकडचं कपाट पुसतायत. त्यांनी चोरी केली नव्हती. कोणीच केली नव्हती."

लोकांनी वळून बघितलं. आईचा फडका थांबला. टाचणीला वाटलं, आता ती म्हणेल, पुरे गं, हळू बोल. पण आईने फडका पिळला आणि परत काच पुसायला लागली, सरळ उभी राहून.

"मग नाणं बदललं कोणी?" पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं.

"साहेबांनी," टाचणी म्हणाली. "चुकून. ते डावीकडच्या खोलीत बसतात. दार उघडंच असतं."